कुरुंद्याच्या तेलाचे काळे तंतू

हिंगोली जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात लोक एकच विचारतात, "औंढ्याला नागनाथाचं दर्शन झालं का?" नाही झालं. देवळाच्या वाटेवरून दोनदा गेले, पण एकदा मांडीवर कॅन होता आणि एकदा गळ्यात सायकलच्या जुन्या ट्यूब होत्या. अशा अवतारात देवासमोर जाणं बरं दिसलं नसतं. मी गेले होते तेलाच्या मागे. त्या तेलाची गोष्ट आधी सांगते, म्हणजे पन्नाशी उलटलेली एक बाई मराठवाड्यात एकटी काय करत हिंडत होती ते कळेल.

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाफेतून कार्बनचे तंतू वाढवते. पद्धत सांगायला सोपी आहे. क्वार्ट्झच्या नळीत चिनी मातीची लहानशी पट्टी ठेवायची. तिच्यावर लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण पसरायचे. भट्टीत नळी लालबुंद तापवायची आणि आतून वायूच्या झुळकेबरोबर हायड्रोकार्बनची, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांनीच बनलेल्या द्रव्याची वाफ सोडायची. सगळं जमलं तर वाफेतला कार्बन लोखंडाच्या कणात शिरतो आणि दुसरीकडून केसासारखा बाहेर वाढत राहतो. कापसाहून हलका आणि ओढायला गेलं तर पोलादालाही हार न जाणारा असा हा केस. जमलं नाही तर नळीत काजळी धरते. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ नळीतली काजळी खरवडण्यात गेला आहे.

या कामाला सहसा पेट्रोलियममधून निघालेली द्रव्यं वापरतात. मी मात्र झाडापाल्याच्या तेलांच्या नादी लागले. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका शेती प्रदर्शनात हळदीच्या पाल्याचं तेल विकायला बसलेली एक बाई भेटली. वंदना तिचं नाव, वय चाळिशीच्या आसपास, गाव कुरुंदा, तालुका वसमत. हळद काढायच्या आधी पाला कापतात आणि बांधावर जाळून टाकतात. ही त्या पाल्याचं तेल काढत होती. या तेलात हायड्रोकार्बन भरपूर असतात हे मला वाचून ठाऊक होतं. एक कॅन घेतला आणि फारशी आशा न ठेवता भट्टीला जोडला. दुसऱ्या दिवशी नळी उघडली तर पट्टीवर काळी लव उभी होती, बोटाच्या पेराएवढी लांब, फुंकर मारली की हलणारी. आजूबाजूला कुणी नव्हतं. शेवटची विद्यार्थिनी नोकरी लागून गेली होती आणि सुट्ट्या सुरू होत्या. मी त्या लवेकडे बघत उभी राहिले आणि मोठ्याने "अगंबाई" म्हणाले. ते ऐकायलाही कुणी नव्हतं.

आनंदाच्या भरात तेलाचा शेवटचा थेंबसुद्धा वापरून टाकला. मग वंदनाला फोन करून आणखी मागवलं. ते आलं पाण्यासारखं नितळ. त्यातून काजळी निघाली. पुन्हा मागवलं, पुन्हा काजळी. उष्णता बदलली, वायू बदलला, लोखंड बदललं. आमचे विभागप्रमुख सभ्य गृहस्थ आहेत, आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, शास्त्रात एकदाच उगवलेलं म्हणजे न उगवलेलंच." खरं होतं ते. महिनाअखेर भट्टी दुसऱ्या विभागाला द्यायची ठरली. त्याआधी ती लव पुन्हा एकदा उगवायला हवी होती, नाहीतर इतकी वर्षं मी काजळीच करत होते असं ठरणार होतं. दुसऱ्यांनी तसं ठरवलं असतं तर सोसलं असतं. मलाच तसं वाटायला लागलं होतं, म्हणून मी निघाले.

वारंगा फाटा

नांदेडहून हिंगोलीच्या एसटीत बसले आणि वारंगा फाट्याला उतरले. फाटा म्हणजे रस्त्यांचा तिठा, थांबलेले ट्रक, टायरची दुकानं, भज्यांच्या कढया आणि कशाची तरी वाट बघणारी माणसं. मीही त्यांच्यात जाऊन उभी राहिले. माघाचे दिवस होते, सकाळची थंडी अंगावर होती आणि ऊन मात्र डोळ्यांत जात होतं.

पुण्यात एखादी बाई टपरीसमोर तासभर उभी राहिली तर लोक तिला वळसा घालून जातील. इथे चहावाल्याने कप पुढे करता करता विचारलं, "कोनाकडं जायाचं?"

"कुरुंद्याला. वंदनाताईंकडे."

"तेलवाल्या. बसा मग. बालाजी येऊन राहिला, फोन आलता त्याचा. म्हने पुन्याच्या मॅडम येतील, चहा पाजा."

म्हणजे मी येणार हे फाट्यावर माझ्या आधी पोचलं होतं. आमच्या इमारतीत मी चार दिवस गावाला गेले तर दुधाच्या पिशव्या दारात साठल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा, पण मी दुसरा कप मागून घेतला.

बालाजी म्हणजे वंदनाचा नवरा. अबोल माणूस, तळहात हळदीने पिवळे. त्याने माझी सॅक मोटारसायकलच्या टाकीवर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "तकलीफ झाली तुमाला." पुढे कुरुंदा येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. दोन्ही बाजूंना काळी रानं, हरभऱ्याचे हिरवे चौकोन, करडईची पिवळी फुलं. हळदीचा पाला सुकून आडवा पडलेला होता आणि कुठे कुठे हळद शिजवायच्या टाक्यांतून पांढरी वाफ वर जात होती. वाफ दिसली की माझं लक्ष तिकडे जातं, धंदाच तसा पडला.

कुरुंदा

घर गावाच्या कडेला, रानाला लागून. अंगणात ताडपत्र्यांवर शिजवलेली हळद वाळत घातलेली. दारात वंदना उभी होती, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर हसू, पण डोळे हसत नव्हते. ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. बाजेवर तिची सासू बसली होती. तिला सगळे माय म्हणत, मीही म्हणायला लागले. मायला उत्तरं ऐकायला आवडत, त्यामुळे ती प्रश्न भरपूर विचारी.

"घरी कोन कोन असतंय?"

"मी असते."

"अन् दुसरं?"

"दुसरं कुणी नाही, माय. लग्न केलं नाही."

पुण्यात या उत्तरानंतर लोक घाईघाईने विषय बदलतात, जसं काही माझ्या अंगावर सांडलं आहे. मायने विषय बदलला नाही. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग भांडता कोनासंगं?"

मी हसले. भट्टीशी भांडते असं सांगायचं जिभेवर आलं होतं. ते खरंच असल्यामुळे बोलवेना.

पहिल्याच दिवशी मी कामाला लागले. तेल काढायचं भांडं घराच्या मागे होतं: चकचकीत स्टीलचं, झाकणाला पकडी, झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या पिंपातून गेलेली. भांड्यात पाणी आणि पाला, खाली चूल. वाफ नळीतून थंड होत बाटलीत उतरते आणि पाण्यावर तेल तरंगतं. मी हातमोजे घातले, भांड्यात डोकं घातलं, वास घेतले, पाल्याचे नमुने पिशव्यांत भरले, विहिरीचं पाणी भरून घेतलं. वंदना हात बांधून बाजूला उभी होती.

"पहिल्या कॅनच्या वेळी कसं करत होता?" मी विचारलं.

"असंच की."

"पाला हाच?"

"ह्योच."

"पाणी, चूल, वेळ?"

"काहीच बदललं न्हाई मॅडम. आधी बी असंच, सोच्छ."

तासाभराने फिरून विचारलं, फिरून तेच उत्तर. मी जितकी खोदून विचारी तितकं भांडं पुन्हा घासलं जाई. माझ्यासमोर तिने ते राखेने घासलं, मग चिंचेने, मग गरम पाण्याने धुतलं. मला वाटलं, किती टापटिपीची बाई.

संध्याकाळी जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि कांद्याची पात. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याची माणसं तिखटाला भितात हे आता कुरुंद्यालाही कळलं आहे. मी पाण्याचा तांब्या उचलते तोच जमिनीखालून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि ताटातलं पिठलं थरथरलं. भूकंप म्हणत मी ताटासकट अंगणात पळाले. मागे वळून पाहिलं तर बालाजी भाकरी मोडत होता.

"या बाई आत," माय म्हणाली. "ते असंच गुरगुरतंय आमच्याकडं. सवय झाली आता."

"मोठं आलं तर आमी बी पळतो," वंदना म्हणाली. "हे ल्हान होतं."

पण आत जायचा मला धीर होईना. मी हळदीच्या ताडपत्रीशेजारी ताट घेऊन बसले. थोड्या वेळाने वंदना आपलं ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. तिने माझ्या ताटात दही वाढलं. किती तरी दिवसांनी माझ्या जेवणाच्या वेळी शेजारी कुणी जेवत होतं. मला ते इतकं बरं वाटलं की थोडी लाज वाटली.

दुसरा दिवस असाच गेला. नवं तेल उतरलं, पुन्हा नितळ. त्यातून काय निघणार ते मला माहीत होतं. पाल्याचे नमुने बघून झाले, पाणी बघून झालं, विचारण्यासारखं काही उरलं नाही. बांधावर जाऊन बसले. समोर माणसं हळद काढत होती, एकमेकांना हाका मारत होती, टाकीतल्या वाफेत दिसेनाशी होत होती. प्रत्येकाला कुणीतरी नावाने हाक मारत होतं. मला वाटलं, एवढ्या लांब येऊनही आपण प्रयोगशाळेतच बसलो आहोत, फक्त भिंती तेवढ्या गेल्या. परतीचं तिकीट काढायचं मी तिथेच ठरवलं.

दुपारी परत आले तेव्हा माय उन्हात पाय पसरून बसली होती आणि वंदना तिच्या गुडघ्यांना तेल लावायला बाटली घेऊन आली होती. मायने बाटली नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"हे नगं. ह्यात दम न्हाई. माझं जुनं दे."

"संपलं ते," वंदना म्हणाली. तिने सासूकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"काहून संपंल? बुडाला हाय की. उतरंडीच्या मागं ठिवलंय म्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आधीचं तेल लई भारी होतं बघा. वास तेवढा मारायचा. लेकरं म्हनायची, आज्जी, तू पंक्चरच्या दुकानातून आलीस का."

मी उभी राहिले. उतरंड माजघरात होती. मी कुणाची परवानगी विचारली नाही, जे मी एरवी कधी केलं नसतं. मडक्यांच्या मागे औषधाची लहान बाटली सापडली, तळाला चार थेंब. बूच काढून वास घेतला. वर हळदीच्या पाल्याचा हिरवा वास आणि त्याच्या खाली काहीतरी कडवट, काळं. तापलेल्या रबराचा वास.

रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात. आणि गंधकाचं आमच्या धंद्यात असं आहे की अगदी लेशमात्र असेल तर तंतू भराभर उगवतात, जास्त झालं तर लोखंडाचा कण मरून जातो. मी पुण्यात गंधक घालून पाहिलंही होतं, अंदाजाने. एकदा कमी पडलं, एकदा जास्त झालं, आणि तर्कच चुकला म्हणून सोडून दिलं. या बाटलीत ते मोजून घातल्यासारखं उतरलं होतं आणि कुणी मोजलं नव्हतं.

बाहेर आले. वंदना तिथेच उभी होती, मान खाली.

"वंदना, आधी नळीला काय बांधायचीस?"

ती अगदी हळू म्हणाली, "सायकलची ट्यूब."

"कुठे?"

"जोडावर. जुन्या भांड्याची नळी ढिली होती, वाफ जायची. मग ट्यूबच्या पट्ट्या कापून आवळायचो." तिने पदर तोंडाशी धरला. "तुमचा फोन आला न मॅडम, परयोगशाळेला पाह्यजे म्हन्लात, तवा लाज वाटली. म्हन्लं, पुन्याच्या मॅडमला सायकलच्या ट्यूबातलं तेल कसं द्यायचं. म्हून हे स्टीलचं आनलं, सिलिकॉनचं वायसर बसवलं. पैल्या कॅनचीच तकरार घिऊन आल्यात न तुमी?"

तिला वाटत होतं मी स्वच्छता तपासायला आले आहे. हातमोजे, पिशव्या, भांड्यात घातलेलं डोकं. तिला दुसरं काय वाटणार? आपल्याकडे पाहुणा आला की ठिगळाची चादर आधी लपवतात, आणि मी दोन दिवस ती चादरच शोधत होते. मला हसू फुटलं आणि आवरेना. ते नेमकं चुकीच्या वेळी फुटलं, कारण वंदना रडायला लागली.

मग मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या कॅनमधून काय उगवलं, नंतर काय उगवलं नाही, गंधकाचं कसं असतं. मायला लवकर कळलं. "म्हंजी खत कमी पडलं," ती म्हणाली. वंदनाने सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "मन राखायला बोलून राहिल्यात तुमी."

"नाही गं. मला तेच तेल पाहिजे. ट्यूबचं."

"बराबर," ती म्हणाली, पण विश्वास ठेवला नाही हे तोंडावर दिसत होतं.

जवळा बाजार

जुनं भांडं गोठ्यात सापडलं. त्यात म्हैस पाणी पीत होती आणि तिला ते सोडायचं नव्हतं. बालाजीने तिची समजूत काढली, म्हणजे दोन शिव्या दिल्या आणि बादली पुढे केली. पण ट्यूबच्या पट्ट्या चुलीत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जवळा बाजारचा आठवडी बाजार होता, तिथे सायकलवाले चाचा आहेत असं कळलं. वंदना म्हणाली ती येते. आम्ही दोघी जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो, तिच्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी, माझ्या पायाशी कोंबडी.

जवळ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या, सोयाबीनची पोती, बांगड्या, दोरखंड, गुळाच्या ढेपा आणि या सगळ्यावर उडणारी धूळ. चाचांचं दुकान म्हणजे बाभळीखाली अंथरलेली ताडपत्री. मी जुन्या ट्यूब मागितल्यावर त्यांनी कौतुकाने नवी कोरी काढली. मी म्हटलं, जुनीच हवी, काळी, साधी रबराची. त्यांनी ढिगाकडे बोट दाखवलं. मी खाली बसले आणि एकेक ट्यूब उचलून वास घ्यायला लागले.

"मॅडम, आम है क्या ये?" चाचा म्हणाले. "सूंघ के लेरे."

लोक जमले. एकाने सुचवलं की बाईंना उलटी होतेय, कांदा द्या. मी वर पाहिलं तर वंदना तोंडात पदर कोंबून हसत होती. मी आल्यापासून पहिल्यांदाच तिचे डोळे हसले. मग तीही खाली बसली आणि ट्यूबचे वास घ्यायला लागली. "ही घ्या मॅडम, आधीचीवानी हाय," असं म्हणून तिने एक माझ्या गळ्यात टाकली, मग दुसरी. येताना आम्ही रस्त्यावर थांबून बोरं घेतली आणि तिने मला विचारलं, ते केस वाढतात म्हणजे नक्की कसे वाढतात, खालून का वरून. माझ्या विद्यार्थ्यांपैकी हे किती जणांनी विचारलं होतं ते मी आठवून पाहिलं.

परत आल्यावर जुनं भांडं चुलीवर चढलं. वंदनाने पट्ट्या कापून जोडावर इतक्या घट्ट आवळल्या की तिच्या बोटांवर वळ उठले. पाला रटरटू लागला, पट्टीखालून थोडी वाफ फुसफुसली, आणि उतरलेलं तेल किंचित पिवळट, किंचित वास मारणारं. पहिल्या धारेतली वाटी मायने मागून घेतली, गुडघ्याला लावली आणि म्हणाली, "आता दम आला."

निघायच्या सकाळी मायने मला पाटावर बसवलं. आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला मला बोलावतात, पण "तुम्हाला चालेल ना?" असं विचारून, म्हणून मी जात नाही. मायने काही विचारलं नाही. कुंकू लावलं आणि ओटीत वाळलेल्या हळदीचे कंद घातले. मी म्हटलं, "माय, माझी ओटी भरत नाहीत." ती म्हणाली, "कोन म्हन्तं? लेकीला रिकामं धाडत न्हाईत आमच्यात."

मी मान खाली घातली ती बालाजीने मोटारसायकल सुरू करेपर्यंत वर केली नाही.

पुणे

घरी आले तेव्हा दुधाच्या पिशव्या दारात होत्या. घर उघडलं, खिडक्या उघडल्या, ओटीतली हळद ओट्यावर ठेवली. माझं घर फार स्वच्छ आहे. त्या दिवशी ते मला सहन झालं नाही आणि मी तशीच प्रयोगशाळेत गेले.

नव्या पट्टीवर लोखंड पसरलं, वंदनाचं तेल जोडलं, भट्टी लावली. नळी पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडता येत नाही, घाई केली तर हवा शिरून सगळं जळून जातं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. इमारतीत पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं. सोमवारी माणसं भट्टी उचलायला येणार होती.

नळीच्या टोपणावर हात ठेवला आणि काढवेना. आजवर शेकडो वेळा ही नळी मी एकटीने उघडली आहे. आत काजळी असली तर ती एकटीने पाहणं सवयीचं होतं. मला भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. आत लव असेल आणि मी पुन्हा एकटीच "अगंबाई" म्हणेन, याची. मी वंदनाला व्हिडिओ कॉल लावला.

"थांबा मॅडम, आत रेंज न्हाई," असं म्हणत ती अंगणात आली. तिच्या मागे हळदीचा पिवळा ढीग आणि त्यापुढे मायचे पाय दिसत होते. मी फोन बाटलीला टेकवून ठेवला, टोपण काढलं आणि चिमट्याने पट्टी बाहेर ओढली.

पट्टी काळी होती. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. काळेपणा उभा होता. मागच्या वेळेपेक्षा दाट आणि लांब, एका दिशेला कललेला. माझा श्वास लागला आणि सगळी लव हलली.

मी पट्टी फोनसमोर नेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि चिमटा हातात असल्यामुळे पुसताही येईना. वंदना फोनजवळ आली, तिचा एकच डोळा सबंध पडद्यावर दिसत होता.

"केसच हायेत की," ती म्हणाली.

"हो."

"हे आपल्या तेलाचं?"

"तुझ्याच तेलाचं. ट्यूबच्या."

ती बराच वेळ बघत राहिली. मागून माय काहीतरी विचारत होती. मग वंदनाने फोन लांब धरला, पदर सारखा केला आणि हळू आवाजात, स्वतःलाच सांगितल्यासारखं विचारलं, "म्हंजी माझं तेल घान नव्हतं?"

"नव्हतं गं," मी म्हणाले. "कधीच नव्हतं."

त्यानंतर फोन तिनेही ठेवला नाही, मीही ठेवला नाही.